अक्कल गुडघ्यात

एखाद्या माणसाची बुद्धी यथातथाच आहे असे सुचवायचे झाले, तर आपण मराठी माणसे 'त्याची अक्कल गुडघ्यात आहे' असे म्हणून मोकळे होतो. देहातल्या इतक्या अवयवांतून मंद बुद्धीच्या वस्तीसाठी पूर्वजांनी गुडघाच का निवडला असेल, हे सांगणे कठीण आहे. लग्नाला उतावीळ झालेल्या माणसाचे बाशिंगही आपण गुडघ्यालाच बांधतो. एकंदरीत मराठी भाषेने गुडघ्याची फारशी प्रतिष्ठा राखलेली नाही. परंतु श्रोतेहो, आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे त्या गोल्फमध्ये खेळाडूची अक्कल खरोखरच गुडघ्यात असावी लागते. ती तिथे नसेल, तर खांदे कितीही भरदार असोत आणि मनगटे कितीही चपळ असोत, चेंडू भलतीकडे जातो. एवढ्यावर भागत नाही. वर्षा-दोन वर्षांनी गुडघाही कुरकुरू लागतो.

गोल्फ हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, मुंबईचा १८४२ सालचा. मी ज्या टी. नरसीपूर गावातून हे भाषण लिहीत आहे, तिथून तीसएक किलोमीटरवर म्हैसूरला चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला लागून जे गोल्फचे मैदान आहे, तेही महाराज जयचामराज वडेयर यांच्या नावाने ओळखले जाते. पण चेंडू राजाला ओळखत नाही. बंगळुरूच्या मैदानावर दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा चिन्नस्वामी मुनियप्पा २००९ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकला. असे पोरसवदा कॅडी साहेबलोकांचे खेळणे नुसते पाहून शिकत असत. त्यांना शिकवायला कोणी नव्हते, म्हणूनच कदाचित त्यांचे गुडघे बिघडवायलाही कोणी नव्हते.

खेळ वरवर पाहता सोपा आहे. एक पांढरा चेंडू, नियमाप्रमाणे ४२.६७ मिलिमीटरांहून लहान नसलेला आणि ४५.९३ ग्रॅमांहून जड नसलेला. तो काठीने मारत मारत दूरच्या हिरवळीवरील १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात घालायचा. चेंडू जागचा हलत नाही, समोरून कोणी तो टाकत नाही, अंगावर कोणी धावून येत नाही. तरीही शहाणीसुरती माणसे या खेळापायी हताश झालेली दिसतात. याचे कारण त्या फटक्याच्या रचनेत आहे. काठी मागे नेण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो, ती खाली येण्यास पाव सेकंद, आणि काठी व चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच असतो. निष्णात खेळाडूच्या काठीचे टोक त्या क्षणी ताशी पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने जात असते. हा वेग केवळ हातांनी निर्माण होत नाही. तो जमिनीतून येतो, पायांतून चढतो, कमरेतून वळतो आणि खांद्यांवरून हातात उतरतो. या वाटेवर पहिला मोठा नाका लागतो तो गुडघ्याचा.

आता हा गुडघा म्हणजे नेमका काय आहे? वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेच्या दोन गाद्या, पुढे वाटी, आणि या साऱ्यांना आतून-बाहेरून बांधून ठेवणारे अस्थिबंध. खुब्याचा सांधा उखळीतल्या गोळ्यासारखा आहे. तो पुढेमागे, आतबाहेर आणि स्वतःभोवती असा सगळीकडे फिरतो. घोटा आणि पाऊल यांनाही बरीच मुभा आहे. गुडघा मात्र मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो दुमडतो आणि उघडतो. काटकोनात दुमडला असता तो तीस-चाळीस अंश वळूही शकतो. पण जसजसा सरळ व्हावा तसतशी ही मोकळीक संपत जाते, आणि पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत हाडे किंचित वळून एकमेकांत घट्ट बसतात. दाराला कडी लागावी तसा हा प्रकार आहे. म्हणून तर पहारेकरी फारसे न थकता तासन्तास उभा राहू शकतो. ही कडी काढण्यासाठी गुडघ्याच्या मागे एक लहानसा स्नायू निसर्गाने खास नेमून दिलेला आहे.

मी सरकारी नोकर असल्यामुळे मला गुडघ्याकडे पाहून नेहमी मामलेदाराची आठवण होते. वरून खुब्याचे हुकूम येतात, खालून पावलाच्या तक्रारी येतात. दोघांनाही वाटेल तसे वळण्याची मोकळीक आहे. मामलेदाराला स्वतः वळता येत नाही, आणि दोघांनी वळायचे नाकारले की पीळ मात्र त्याच्याच वाट्याला येतो. गोल्फमधील गुडघ्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे. गुडघ्याने स्वतः वळायचे नसते. खुब्याला आणि पावलाला वळता यावे म्हणून त्याने वेळेवर दुमडायचे आणि वेळेवर उघडायचे असते.

श्रोत्यांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आत्ताच उभे राहून पाहावे. पावले खांद्यांइतक्या अंतरावर ठेवा, दोन्ही गुडघे ताठ करा, टाचा जमिनीला चिकटवा, आणि उजवीकडे वळून पाठीमागची भिंत पाहण्याचा प्रयत्न करा. मान वळेल, खांदे थोडे वळतील, पण कंबर लवकरच अडेल आणि पाठीच्या खालच्या भागात ताण जाणवेल. आता दोन्ही गुडघे किंचित सैल सोडा आणि वळताना डावा गुडघा आत, उजवीकडे झुकू द्या. उजवा थोडा सरळ व्हायला लागला तर होऊ द्या. भिंत पुष्कळ अधिक दिसेल. शेवटी डावी टाचही उचलू द्या. आता खिडकीसुद्धा दिसू लागेल. इतका फरक केवळ गुडघ्यांनी आणि एका टाचेने पडतो. माझे सारे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्या श्रोत्यांनी उजव्याच्या जागी डावे समजावे.

फटक्याचा पहिला भाग म्हणजे पवित्रा. दांडपट्ट्याच्या किंवा कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. गुडघे वीस-पंचवीस अंशच दुमडलेले, भार पावलाच्या मध्यावर, कंबर खुब्यातून पुढे झुकलेली. नवशिके येथे बहुधा खुर्चीत बसावे तसे गुडघे फार वाकवतात. मग काठी मागे नेताना ते नकळत उठतात, खाली आणताना पुन्हा बसतात, आणि चेंडूचा नुसता माथा खरवडला जातो.

काठी मागे जाऊ लागली की उजव्या गुडघ्याची परीक्षा सुरू होते. तो बाहेर, उजव्या पावलाच्याही पलीकडे ढळला, की सारे शरीर वळण्याऐवजी बाजूला सरकते. त्यानंतर मूळ जागी अचूक परतणे हे नशिबाचे काम होऊन बसते. अमेरिकेचे विख्यात खेळाडू बेन होगन यांनी १९५७ साली आपल्या धड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात उजव्या गुडघ्याचा मूळचा बाक शेवटपर्यंत टिकवावा, तो थोडा आतल्या बाजूस रोखलेला असावा, असे सांगितले. होगन हे अधिकारी गृहस्थ होते. १९४९ साली मोटारीच्या भीषण अपघातात त्यांची हाडे मोडली, आणि तरीही पुढच्याच वर्षी पायांना पट्ट्या गुंडाळून त्यांनी यू. एस. ओपन जिंकली. अशा माणसाचा शब्द कोण मोडणार? पुढे १९९०च्या दशकात काही शिक्षकांनी त्यावर आणखी कळस चढवला. कंबर शक्य तितकी रोखून धरा आणि खांदे शक्य तितके फिरवा, म्हणजे दोहोंमध्ये स्प्रिंगसारखा पीळ साठेल, असा तो सिद्धांत. विशीतल्या लवचिक मुलांनी हा पीळ पचवला. परंतु हीच शिकवण जेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या, दिवसभर कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थाला दिली जाते, तेव्हा पीळ साठतो तो त्याच्या कमरेच्या मणक्यांत आणि गुडघ्यांत.

त्याहून जुनी पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारे बॉबी जोन्स पावले जवळजवळ ठेवून उभे राहत, कंबर मोकळेपणी फिरू देत, आणि काठी वर जाताना त्यांची डावी टाच जमिनीवरून सहज उचलली जाई. त्यांच्यानंतरचे जॅक निकलस, ज्यांच्या नावावर अठरा मोठी अजिंक्यपदे आहेत, तेही डावी टाच उचलत. टाच उचलली की डावा गुडघा आत येतो, गुडघा आत आला की कंबर वळते, कंबर वळली की पाठीवरचा भार हलका होतो. अलीकडे पुष्कळ शिक्षक उजवा गुडघाही थोडासा सरळ होऊ द्यावा या मताचे झाले आहेत. पूर्ण ताठ मात्र नव्हे. कडी लागली की खेळ संपला.

आता काठी खाली येते, आणि येथे गुडघ्यांची खरी कर्तबगारी दिसते. हात अद्याप वरच असतात, तोच डावा गुडघा लक्ष्याच्या दिशेने सरकतो आणि भार डाव्या पायावर येऊ लागतो. सॅम स्नीड या जुन्या खेळाडूच्या चित्रांत या क्षणी दोन्ही गुडघे फाकून, जणू घोड्यावर मांड ठेवल्यासारखे दिसतात. क्षणभर तो खाली बसतो आणि जमिनीला दाबतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीनही त्याला तितक्याच जोराने वर ढकलते. लगेच डावा पाय सरळ होऊ लागतो, डावा खुबा वर आणि मागे जातो, आणि काठीचे टोक चाबकासारखे पुढे येते.

पाय सरळ केल्याने काठीचा वेग का वाढावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर आपल्या घरातल्याच एका खेळात आहे. इंग्रजीत गोल्फच्या फटक्याला जो 'स्विंग' शब्द आहे, त्याचा साधा अर्थ झोका. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून झोका चढवणारी मुलगी आठवा. मागच्या टोकाला गेली की ती गुडघे दुमडून खाली बसते, आणि झोका अगदी खालच्या बिंदूवरून जाताना ताडकन उभी राहते. कोणी मागून ढकलत नाही, दोर कोणी ओढत नाही, तरी झोका दर फेरीला अधिकाधिक उंच जातो. फिरणारी वस्तू सर्वांत वेगात असताना तिला केंद्राकडे ओढले की तिच्यात आणखी वेग भरला जातो, हे पदार्थविज्ञानाचे तत्त्व त्या मुलीला कोणी शिकवलेले नसते. ते तिच्या गुडघ्यांना ठाऊक असते. गोल्फचा खेळाडूही हेच करतो. काठी खालच्या बिंदूजवळ आली की त्याचा डावा गुडघा उघडतो, खांदा वर उचलला जातो, काठीची मूठ वर ओढली जाते, आणि टोक झेप घेते. झोक्यावरची मुलगी घाईने आधीच उभी राहिली, तर झोका मरतो. खेळाडूचा गुडघा आधीच ताठ झाला, तर फटका मरतो.

असे वेळेचे ज्ञान गरिबांच्या व्यवसायातही पाहायला मिळते. टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला या नद्यांचा संगम आहे. स्फटिक सरोवर हा तिसरा प्रवाह गुप्त मानतात, आणि १९८९ पासून येथे दर तीन वर्षांनी कुंभमेळाही भरू लागला. येथील गुंजा नरसिंहाच्या देवळाची कथा एका परटाची आहे. ज्या दगडावर तो धुणे आपटत असे, तीच नरसिंहाची मूर्ती निघाली, असे सांगतात. देवाच्या बोटांत गुंज आहे. काशीहून या क्षेत्राचे पुण्य गुंजभर जास्त, असा तिचा अर्थ. कथेची सत्यासत्यता बाजूला ठेवू. परंतु ज्याला गोल्फचा फटका शिकायचा आहे त्याने कोणत्याही नदीकाठी धुणे आपटणारा सराईत माणूस एकदा लक्षपूर्वक पाहावा. ओल्या चादरीचा पिळा वर जाताना त्याचे गुडघे सैल होतात, कंबर वळते, टाच सुटते. खाली येताना आधी गुडघा आणि कंबर, मग खांदा, आणि सर्वांत शेवटी हात. केवळ मनगटाने धुणे आपटणारा माणूस दुपारपर्यंतही टिकणार नाही. चादरीचा मार सरळ वरून खाली आहे आणि गोल्फचा तिरका आहे, हा भेद आहेच. पण क्रम तोच.

या शक्तीची किंमतही गुडघ्यालाच मोजावी लागते, आणि ती किती मोठी असू शकते हे २००८ सालच्या जूनमध्ये साऱ्या जगाने पाहिले. टायगर वुड्स हा या युगातला सर्वांत सामर्थ्यवान खेळाडू. फटक्याच्या क्षणी डावा गुडघा झटक्यासरशी ताठ करण्याची त्याची तरुणपणची लकब होती. चेंडू त्यामुळे दूर जाई, पण तो सारा पीळ आणि सारा भार कडी लागलेल्या सांध्यावर पडे. २००२ च्या डिसेंबरात त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, २००८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा एकदा. त्यानंतर दोनच महिन्यांनी तो कॅलिफोर्नियातील टोरी पाइन्स येथे यू. एस. ओपन खेळायला उतरला, तेव्हा त्या गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटलेला होता आणि नडगीच्या हाडाला दोन ठिकाणी चिरा गेलेल्या होत्या. काही फटक्यांनंतर तो वेदनेने वाकून काठीवर टेकलेला लोकांनी पाहिला. चार दिवसांच्या बहात्तर खळग्यांनंतर त्याची आणि पंचेचाळीस वर्षांच्या रोको मीडिएटची बरोबरी झाली. सोमवारी आणखी अठरा खळगे खेळूनही बरोबरीच राहिली. आणि एक्याण्णवाव्या खळग्यावर वुड्स जिंकला. थोड्याच दिवसांत त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि ते उरलेले वर्ष तो खेळू शकला नाही. पुढची मोठी स्पर्धा जिंकायला त्याला २०१९ साल उजाडले. या विजयाचे गोडवे पुष्कळ गायले जातात, आणि धैर्य म्हणून ते रास्तही आहे. परंतु एखाद्या हौशी माणसाने त्यातून 'दुखत असले तरी खेळावे' एवढाच बोध घेतला, तर त्याच्याइतका दुर्दैवी शिष्य दुसरा नाही. वुड्सच्या पाठीशी जगातले उत्तम शल्यविशारद होते. आपल्यापाशी उद्याची कचेरी आणि घरचा जिना आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी या खेळाकडे वळताना काय करावे, हे मी आता थोडक्यात सांगतो. आपल्या आज्या-पणज्या जमिनीवर मांडी घालून बसत, उकिडव्या बसून कामे करत. त्यांचे खुबे मोकळे राहत. पाट गेला, चटई गेली, खुर्ची आली, आणि खुब्यांची वळण्याची सवय सुटली. ज्याला जमिनीवर सुखाने मांडी घालून बसता येत नाही, त्याची कंबर गोल्फच्या मैदानावर मोकळेपणी वळेल अशी अपेक्षा धरू नये. त्याने आधी खुब्यांची मशागत करावी, मग काठी विकत घ्यावी. पवित्रा घेताना डाव्या पायाचे बोट लक्ष्याच्या दिशेने वीस-बावीस अंश बाहेर वळवावे. होगन यांनीच सांगितलेली ही युक्ती गुडघ्याचा पीळ कमी करते, आणि त्यासाठी आपण त्यांचे ऋणी असायला हवे. काठी मागे नेताना डावी टाच सुटू द्यावी. फटक्यानंतर डावे पाऊल थोडे फिरत असेल तर त्याला दामटून धरू नये. हल्लीचे कित्येक जोरकस खेळाडूही ते फिरू देतात. जुन्या बुटांचे लोखंडी खिळे पावलाला जमिनीत गाडून टाकत, त्या मानाने आजचे मऊ खिळे गुडघ्याचे मित्र आहेत. चेंडू यामुळे दहा-वीस यार्ड कमी जाईल. जाऊ द्यावा. ज्यांचा गुडघा आधीच सुजतो किंवा मध्येच लचकतो, त्यांनी माझ्यासारख्याचे भाषण ऐकण्याऐवजी वैद्याला दाखवावे हे उत्तम.

फटका नीट बसला की नाही हे चेंडूकडे न पाहताही ओळखता येते. शेवटी आपण कसे उभे आहोत, एवढे पाहावे. सारा भार डाव्या पायावर, छाती लक्ष्याकडे, उजवा गुडघा दुमडून डाव्याजवळ आलेला, आणि उजव्या पायाची फक्त बोटे जमिनीला टेकलेली. या अवस्थेत न डगमगता सावकाश पाच अंक मोजता आले पाहिजेत. नवशिका येथे हटकून मागे, उजव्या टाचेवर कोसळतो. म्हणजे त्याचे गुडघे वाटेत कुठेतरी अडलेले असतात.

हे चित्र मनावर ठसवण्यासाठी मी ओळखीच्या होतकरू खेळाडूंना याच तालुक्यातील सोमनाथपूरला जाण्याची शिफारस करतो. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या काळात सोमनाथ नावाच्या दंडनायकाने १२५८ साली बांधवलेले केशवाचे देऊळ तिथे आहे. त्याला तीन गाभारे आहेत. दक्षिणेकडच्या गाभाऱ्यात वेणुगोपाल उभा आहे. एका पायावर सारा भार, दुसरा गुडघा दुमडून पाय आडवा आलेला आणि त्याची बोटेच तेवढी टेकलेली; भाराच्या बाजूचा खुबा किंचित बाहेर, त्यावर कंबरेचा बाक, त्यावर खांद्यांचा उलटा बाक. इतका दगड अशा आडमुठ्या रीतीने एका पायावर तोललेला असूनही पाहणाऱ्याला तो पडेल असे क्षणभरही वाटत नाही. गाभाऱ्यात उजेड बेताचा असतो. डोळे सरावेपर्यंत दाराशी थोडे थांबावे, आणि मग मुरलीवरून नजर काढून ती गुडघ्यांकडे न्यावी.